मानपत्रावरचं अक्षर

मित्रहो, आज दुपारी कुसुमनं मानपत्रावर बोट ठेवलं, त्या क्षणी माझं सगळं संपलं. कुणाला तोंड दाखवणार? म्हणून हे आपल्या मंडळाच्या फळ्यावर लावतोय.

कॉलेज अर्धवट सोडून मी विणकर सोसायटीत कारकून झालो, ते कुसुमसाठीच. तुम्ही त्यावरून मला कमी छळलं नाही.

आपल्याकडे बायांनी सुताच्या कांड्या भरायच्या आणि मागावर पुरुषानं बसायचं. तिच्या वडिलांना, महादेवबुवांना, अर्धांगवायू झाला तेव्हा कुसुम मागावर बसली. यंदा सोसायटीचं बक्षीस मिळालेलं लुगडं तिनंच विणलं.

सोसायटीच्या आजच्या सभेत "उत्कृष्ट विणकर महादेव" असं पुकारलं गेलं. शाल आणि मानपत्र मिळालं तिच्या भावाला, ज्याला साधा धोटा फेकता येत नाही. कुसुम मागे चहा गाळत होती.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "लुगडं कुसुमनं विणलं आहे!"

अध्यक्ष हसले. "बस गा खाली. सभासद तिचा बाप हाये. बाईचं नाव रजिस्टरात हाये काय?"

कुसुम पुढे आली. वाटलं, आता तरी माझ्याकडे प्रेमानं पाहील. तिनं मानपत्रावर बोट ठेवलं.

"आता काहून ओरडून राहिला गा? अक्षर तर तुहंच आहे न?"

माझंच होतं. काल रजिस्टर पाहून मीच वळणदार लिहिलं होतं. जिचं नाव रोज वहीभर गिरवतो, ते तिथे लिहायचं मला सुचलंच नाही.

तुमच्यापैकी कुणाला सुचलं असतं? खरं सांगा.

मी कारकुनीचा टाक सोसायटीच्या टेबलावर कायमचा ठेवला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.