पोत्यावरचं नाव

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही. आईला तर नाहीच.

बाबा वाशिमजवळच्या मालेगावच्या बाजारात हमाल होते. सोयाबीनची पोती वाहून मान अशी आखडली होती, की मागून हाक मारली तर अख्खं अंग वळवून पाहायचे. आई लोकांच्या वावरात निंदायला जायची. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण एवढ्यावर मला माफ करायला निघाला असाल, तर थांबा. वैशालीचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ती मालेगावातच मामाकडे राहून शिकली. मग माझंच दुःख मोठं कसं?

वैशाली माझ्या वर्गात होती. माझ्यापेक्षा हुशार – हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. एकदा प्रॅक्टिकलला माझा प्रोग्राम अडला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "गजा, टॅग पोत्यावानी उघडा ठेवला, आता बंद कराले तुया बाबाले बोलावू काय?" वर्ग हसला. मग तिनंच शेजारी बसून मला सगळं शिकवलं. शिकवलेलं विसरलो. ते हसणं नाही विसरलो.

शेवटच्या वर्षी वाशिमला, आमच्या कॉलेजात, नागपूरची एक कंपनी आली. जागा एकच. परीक्षेला एक एक्सएमएल फाइल दिली – सहा विद्यार्थी, ती वाचून प्रत्येकाचं नाव आणि गाव छापायचं. नाव टॅगच्या, म्हणजे माहितीभोवतीच्या खुणेच्या, आत होतं. गाव मात्र अॅट्रिब्यूट म्हणून, टॅग उघडतो तिथेच लिहिलेलं.

मला ते लगेच दिसलं. का सांगू? पोत्यांत वाढलो ना मी! माल पोत्याच्या आत असतो, शेतकऱ्याचं नाव पोत्यावर. पोतं उपडं करून कितीही चाळलं, तरी नाव त्यात सापडणार नाही. कोडमध्येही तसंच, फक्त इथं पोत्यावर गाव लिहिलेलं – टॅगच्या आतल्या गोष्टी एकेक करून पाहिल्यात, तर अॅट्रिब्यूट त्यांत नसतंच. ते त्या टॅगला वेगळं मागावं लागतं. एक ओळ. बस.

वैशालीचा प्रोग्राम टॅगच्या आतच शोधत होता. नावं येत होती, गावं कोरी. ती माझ्याकडे झुकली. "गजा, गाव काहून येऊन नाही राह्यलं?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "फाइलच खराब हाय. गावं हातानं टाक सरळ. मीबी तसंच केलं."

माझा प्रोग्राम तोवर बरोबर चालला होता.

तिनं विश्वास ठेवला. मला शिकवणाऱ्या मुलीनं – माझ्यावर! सहा गावं तिनं हातानं टाकली. मग तपासायला आलेल्या साहेबांनी दुसरीच फाइल लावली. नवी नावं आली, गावं मात्र तीच जुनी सहा. "मॅडम, ही नक्कल आहे," ते मोठ्यानं म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. नुसतं बघ्यासारखं नाही – पोट धरून. मला मजा आली होती. हे तेवढं पक्कं ऐकून ठेवा. गरज वगैरे काही नव्हतं त्या घडीला. मजा होती.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही.

परतीच्या एसटीत ती शेजारी येऊन बसली. "तूबी हातानंच टाकलं होतं ना, गजा?"

"मी कवा म्हटलं तसं?"

ती मालेगावपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. नंतर माझ्याशी कधी बोलली नाही.

आता ती मालेगावात फॉर्म भरून देण्याच्या दुकानात काम करते. आईचे कागद तीच काढून देते. आई फोनवर सांगते, "लय गुणाची पोर हाय. तुयं कधी विचारत नाही, पण मले चहा पाजल्याबिगर सोडत नाही." मी विषय बदलतो.

दरवर्षी कंपनीत नवी पोरं येतात. अॅट्रिब्यूट शिकवायची वेळ आली की मी पोत्याचं उदाहरण देतो. त्यांना ते फार आवडतं. कोणी विचारतं, सर, हे सुचलं कसं? मी म्हणतो, बाबा हमाल होते. तेवढंच सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. जागा एकच होती. ती मला मिळाली.