मावशीच्या हातचा दोर

दिवे मंदावतात, तिसरी घंटा होते आणि लाल मखमली पडदा सरसरत वर जातो. प्रेक्षकांना दिसतो झगझगीत दिवाणखाना. विंगेतल्या अंधारात दोर पेलून उभी असते ती मावशी, ती कुणाला दिसत नाही. नवरा गेल्यावर त्याचा दोर तिनं हाती घेतला, तेव्हा सगळे हसले होते. "बाईमाणसाला पडदा झेपणार?" झेपला. केस पिकेपर्यंत झेपला.

त्या नाटक कंपनीची एक रीत होती. मारामारीच्या प्रसंगात मार खाणाऱ्यानं तळहात उघडला, की खेळ तिथंच थांबायचा. समोर कितीही मोठा नट असो.

एका संध्याकाळी नायकाला टाळ्या चढल्या. धाकट्या नटीचा हात खोटा पिरगळायचा, तो त्यानं खरा पिरगळला. तिचा तळहात उघडला. मावशीनं पाहिलं आणि धाडकन पडदा पाडला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. "मावशी, तुम्ही मिसबिहेव केलंत. भर प्रयोगात नायकाची शोभा झाली. संध्याकाळी सगळ्यांदेखत माफी मागा, नाहीतर दोर दुसऱ्याला देतो."

मावशीची सून शाळेत इंग्रजी शिकवायची. घरी पोचताच मावशीनं उंबऱ्यातूनच विचारलं, "मिसबिहेव म्हणजे काय गं? शिवी आहे का?"

"शिवी कुठली! वाईट वागणं. कुणाशी वागलात, आई?"

"ते मागून. आधी शब्द फोडून सांग."

"बिहेव आला 'हॅव'वरून. हॅव म्हणजे जवळ असणं, धरणं. बिहेव म्हणजे माणसानं स्वतःला आवरून धरणं. आणि सुरुवातीचं मिस म्हणजे चुकीचं. फार जुना शब्द आहे."

"म्हणजे ज्याला स्वतःला आवरता आलं नाही, तो?"

"तोच."

"मग मॅनेजरनं शब्द बरोबर काढलाय. पत्ता तेवढा चुकला."

सगळी हकिगत ऐकून सुनेचा चेहरा उतरला. "आई, नोकरी जाईल हो."

"जाईल तर जाईल. पाणी दे आधी."

संध्याकाळी सगळे रंगमंचावर जमले. नटीच्या मनगटाला पट्टी होती. मॅनेजर म्हणाला, "हं, मावशी."

"माफी नाही मागणार. नायकसाहेब, तुमचं काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण तळहात उघडला की पडदा पडणार. आजही, उद्याही."

मग नटी उठली आणि मावशीशेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून रंगभूषावाला, दिवेवाला, पेटीवाला. नायक आपल्या बुटांकडे बघत राहिला. बाहेर प्रेक्षागृह भरत आलं होतं. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं, घाम पुसला.

मावशीनं दोराला हात घातला. "बघत काय बसलात, साहेब? घंटा द्या."