द्वारका सिस्टरचा माळ

द्वारका सिस्टर गोल्फ खेळायला निघाल्या की त्यांच्या पिशवीत चार काठ्या, थोडे चेंडू, पायपुसण्याचा एक कापलेला तुकडा आणि ड्रेसिंगचा एक लांब चिमटा एवढं सामान असायचं. माळावर पोचल्यावर आधी चिमटा बाहेर यायचा. आदल्या संध्याकाळी तिथं बसून गेलेल्या लोकांनी टाकलेल्या गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकचे ग्लास, चिकनची हाडं त्या एकेक करून उचलायच्या आणि थैलीत भरायच्या. चेहरा असा असायचा की त्या पुड्या टाकणाऱ्यानं तो पाहिला असता तर निदान त्या दिवसापुरता गुटखा सोडला असता. मग पायपुसणं अंथरायचं, कारण नांदेडच्या मुरमावर काठी घासली की ठिणग्या उडतात. त्यावर चेंडू ठेवायचा. लांब एका बाभळीजवळ दूध पावडरचा डबा जमिनीत पुरलेला, तोच खड्डा. तिथवर खेळत जायचं, चेंडू डब्यात घालायचा आणि उलट दिशेनं परत यायचं. हे सगळं एकटीनं, नऊवारीत नव्हे पण पांढऱ्या सुती पाचवारीत, पायात कॅनव्हासचे बूट घालून.

मी त्यांना सरकारी दवाखान्यापासून ओळखत होतो. मी तिथं फार्मसिस्ट होतो आणि त्या सर्जरी वॉर्डाच्या इन्चार्ज. मूळ गाव उदगीरकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचे. त्यातला एक सगळ्या दवाखान्याला पाठ होता. "साकु," म्हणजे पुरे. नातेवाइकांनी रोग्याच्या खाटेभोवती गराडा घातला की सिस्टर दारातून एवढंच म्हणायच्या आणि वॉर्ड रिकामा व्हायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही, म्हणजे विचारायची कुणाची टाप नव्हती.

रोग्याच्या घाणीचं त्यांना काही वाटत नसे. जळालेली माणसं, किडे पडलेल्या जखमा, सगळं त्यांनी हातानं साफ केलेलं. एकदा हदगावकडचा एक म्हातारा पाय सडलेल्या अवस्थेत आणला होता. त्याचा स्वतःचा मुलगा नाकाला रुमाल लावून खिडकीशी उभा होता. सिस्टर जखम धुता धुता त्याला म्हणाल्या, "बापाचा पाय हाय तो, गटार न्हाई. रुमाल काढ." त्यानं काढला. नंतर तोच मुलगा बाहेर जाऊन जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारून आला, तेव्हा मात्र सिस्टरांच्या अंगावर शहारा आलेला मी पाहिला. त्या म्हणायच्या, "रोगी घाण करत न्हाई भाऊ, ती त्याच्याकडून होऊन जाती. घाण करतो तो धडधाकट माणूस."

गोल्फ त्यांच्याकडे आलं ते निवृत्तीनंतर. लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ गावी येऊन राहिले होते. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धवट. दिवसा त्यांच्याजवळ राहायला सिस्टरांना बोलावलं. खोलीच्या कोपऱ्यात काठ्यांची पिशवी होती आणि साहेबांची नजर सारखी तिकडं जायची. एक दिवस सिस्टरांनी पिशवी उचलून त्यांच्यासमोर ठेवली. साहेबांनी डाव्या हातानं एक काठी दाखवली, मग खिडकीबाहेरचं अंगण दाखवलं आणि म्हणाले, "मार."

"मला तर हसूच आलं," सिस्टर सांगायच्या. "म्हटलं, साहेब, मी काय पोरगी हाव का विटीदांडू खेळायला? पण त्यांचे डोळे बघितले आन् गेले अंगणात." चेंडू कंपाउंडच्या भिंतीवर आपटला. साहेब खुर्चीत बसून डाव्या हातानं खुणा करायचे, गुडघा वाकव, मान खाली ठेव. पुढची दोन वर्षं हेच चाललं. त्यांना खेळता येत नव्हतं म्हणून या खेळत होत्या, आणि कधी तरी सिस्टरांच्या नकळत त्यांना ते आवडू लागलं.

साहेब गेले तेव्हा मुलं परदेशातून आली. देह हॉलमध्ये होता आणि शेजारच्या खोलीत बंगल्याला गिऱ्हाईक कोण, एसी काढून घ्यायचे की घरासोबत द्यायचे, यावर बोलणं चाललं होतं. काठ्यांकडे बघून धाकटा म्हणाला, "हे भंगारात द्या." सिस्टर म्हणाल्या, "मी नेते." त्यानं मान हलवली, मोबाइलमधून वर बघितलंही नाही. हा प्रसंग सांगताना त्या दर वेळी उठून चूळ भरून यायच्या.

अर्धापूरच्या रस्त्याला शहर संपल्यावर एक पडीक माळ होता, तो त्यांनी धरला. सकाळी रिक्षानं जायच्या. कधी कधी मी स्कूटरवर सोडायचो. सुरुवातीला गुराख्यांना वाटलं बाई सापाला शोधून राहिली. मी एकदा विचारलं, "सिस्टर, एकट्यानं खेळण्यात काय मजा? हरवायला कुणी नको?"

"हरवायला माणूस आणला की तो आधी बोलणार, मग थुंकणार," त्या म्हणाल्या. "इथं मी हाय, चेंडू हाय. चेंडू काट्यात गेला तर माझ्यामुळं गेला. कुणाचं तोंड बघावं लागत न्हाई."

त्या माळावर त्यांचा चेहरा सैल व्हायचा. चेंडू चांगला लागला की टक् असा कोरडा आवाज यायचा आणि त्या तो कुठं पडतो हे न बघता क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. आयुष्यभर लोकांच्या गर्दीत, विव्हळण्यात काढलेल्या बाईला तेवढी मोकळी जागा मिळाली होती. म्हणून पुढं जे झालं त्याची मला अजून चीड येते.

एका सकाळी मी सोबत असताना त्यांचा चेंडू उतारावरच्या खड्ड्यात गेला. आणायला गेल्या तर खड्ड्यात सुयांचा ढीग. रक्त लागलेले बोळे, सलाइनच्या बाटल्या, नळ्या, एक-दोन पिशव्यांत काय होतं ते मी लिहीत नाही. कुत्र्यांनी फाडून सगळीकडे पसरवलेलं. मी खाली गेलो आणि वास येताच मागं फिरलो. सिस्टर वाकून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. शहरातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्याचं नाव होतं. मालक असलेला डॉक्टर कधी काळी सिस्टरांच्याच वॉर्डात इंटर्न होता.

त्यांनी माझ्या डिकीतून खताचं रिकामं पोतं मागितलं, चिमट्यानं त्यात थोडा माल भरला आणि मला म्हणाल्या, "चला." दवाखान्यात त्यांना कुणी अडवलं नाही, म्हाताऱ्या बाईच्या हातात पोतं म्हणजे काही तरी गावाकडचं आणलं असेल असंच वाटलं असणार. डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरून त्यांनी ते पोतं काचेच्या टेबलावर उलटं केलं.

मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान उठून उभा राहील. त्यानं फक्त आपला मोबाइल बाजूला घेतला. "सिस्टर, किती वर्षांनी. बसा ना. चहा सांगू?"

"हे तुझं हाय."

"कॉन्ट्रॅक्टर बदमाश आहे हो. आम्ही त्याला नेऊन द्यायचे पैसे देतो, तो कुठंही टाकतो. मी बघतो." त्यानं बेल दाबली. झाडणारी बाई आली आणि उघड्या हातानं ते गोळा करायला वाकली. सिस्टरांनी तिचा दंड धरला. "हात लावू नको. हातमोजे कुठं हायत तुझे?" बाई डॉक्टरकडे बघायला लागली. डॉक्टर फोनवर बोलत होता. त्याच टेबलावर, सुयांच्या पलीकडे त्याचा चहा आला आणि तो बोलता बोलता एक घोट प्यायलाही.

बाहेर आल्यावर सिस्टर पायरीवर बसल्या. "त्याला किळस आली न्हाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "लाज सोडा, किळस पण न्हाई. चहा प्याला."

त्यानं शब्द मात्र पाळला. आठवड्याभरात माळावर जेसीबी आला, खड्डा उपसला, माळ सपाट केला. आणि कडेला भला मोठा बोर्ड लावला. स्वच्छतेचा संदेश, दवाखान्याचं नाव, डॉक्टरचा हात जोडलेला फोटो आणि शेजारी काठी उगारलेल्या द्वारका सिस्टर. फोटो कुणी, कधी काढला त्यांना माहीत नव्हतं. खाली लिहिलं होतं, "आमचे प्रेरणास्थान."

मग लोक यायला लागले. सकाळी फिरणारे, रील काढणारे, गोल्फवाली आजी बघणारे. "आजी, एक शॉट मारून दाखवा." एक पुढारी चार माणसं घेऊन आला, बाजूला जाऊन तोंडातला तोबरा त्या सपाट केलेल्या जमिनीवर रिकामा केला, ओठ पुसले आणि सेल्फीसाठी सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवायला आला. सिस्टरांनी काठी दोघांच्या मध्ये आडवी धरली. "साकु," म्हणाल्या. त्याला शब्द कळला नाही, पण तो मागं सरकला. मी दवाखान्यात जाऊन बोर्ड काढायला सांगितलं. "काढतो की," म्हणाले. काढला नाही.

थोड्या दिवसांनी शेळ्या चारणारी एक बाई माळावर आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या इथं घाण टाकणारा टेम्पो आता खदानीवर येऊन राहिला." खदान तिथून जवळच, टेकडीच्या मागं. दगड फोडणाऱ्यांची पंधरावीस पालं तिथं आहेत. आम्ही स्कूटरवर गेलो. खदानीच्या तोंडाशी तोच ढीग, आणखी मोठा, अर्धा पेटवून दिलेला. पिवळट धूर पालांवरून जात होता. तीन-चार बाया ढिगात बसून सलाइनच्या बाटल्या वेगळ्या काढत होत्या, प्लास्टिक विकलं जातं म्हणून. हात उघडे. एकीनं बाटलीत अडकलेली सुई दातानं धरून ओढली.

सिस्टर धावल्या. "टाक ते. टाक आधी. रोग होतात त्यानं."

ती बाई शांतपणे म्हणाली, "हाव बाई, म्हाईत हाय. तुमचा माळ लई साफ झाला म्हणं. फोटो बघितला आम्ही."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सिस्टर दोन पावलं मागं आल्या, दगडाला धरून वाकल्या आणि ओकल्या. मी त्यांना पाणी दिलं. चूळ भरून त्या म्हणाल्या, "माझ्या दारातली घाण मी यांच्या दारात टाकली. पोतं घेऊन गेले ते कशाला?"

त्यानंतर माळावर त्या गेल्या नाहीत. आम्ही तक्रार केली. एक माणूस येऊन फोटो काढून गेला, टेम्पो थोडे दिवस थांबला आणि मग अंधार पडल्यावर येऊ लागला. सिस्टर, मी निवृत्तीनंतर टाकलेल्या औषधांच्या दुकानातून हातमोज्यांचे डबे घेऊन रोज खदानीवर जायच्या. त्या असेपर्यंत बाया घालायच्या, वळल्या की काढायच्या. "घाम येतो बाई," म्हणायच्या. काविळीची लस घ्यायला त्यांनी सगळ्यांना आरोग्य केंद्रात न्यायचं ठरवलं, पाच जणी आल्या. दुसऱ्या डोसला दोन. सुई दातानं ओढणारी त्या दोघींत होती, एवढंच सिस्टर मला सांगत राहिल्या.

पुढं गुडघे गेले आणि भाची त्यांना लातूरला घेऊन गेली. मी एकदा उन्हाळ्यात लातूरजवळच्या मुरुडला लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून भेटायला गेलो. रिंग रोडच्या पलीकडे भाचीचं घर, समोर एक न विकलेला प्लॉट. सिस्टर फार वाळल्या होत्या. काठी टेकून चालत होत्या, गोल्फचीच. मी दवाखान्याचं बोलणं टाळत होतो, पण त्यांनीच विचारलं. सांगावं लागलं की अजून दोन मजले चढले, आणि टेम्पोही चालूच आहे. "खरं सांगू का सिस्टर," मी म्हणालो, "आता त्या रस्त्यानं जातो तर मला पूर्वीसारखा वास येत नाही. सवय झाली."

त्यांनी माझ्याकडे वॉर्डातल्या नजरेनं पाहिलं.

"मी पोरींना शिकवायची, ओकारी आली की दाबा. जीभ टाळूला लावा आन् काम करा. रोग्यापुरतं ते बरोबर होतं. पण तो डॉक्टर पोरगाबी माझ्याकडूनच शिकला की. त्यानं सगळ्यालाच जीभ टाळूला लावली." माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुम्हाला ओकारी आली तर दाबू नका भाऊ. ती गेली की माघारी येत न्हाई."

मग भाचीला हाक मारून मला चहा द्यायला सांगितला आणि पायपुसण्याचा तुकडा काखेत मारून त्या समोरच्या प्लॉटवर गेल्या. मी दारात उभा राहून बघत होतो. हात वर जात नव्हता, चेंडू जेमतेम चार हात सरकायचा. त्या चालत तिथं जायच्या, पुन्हा मारायच्या.

त्या उन्हाळ्यातच त्या गेल्या. भाचीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. दुकान बंद केलं आणि किती तरी दिवसांनी खदानीच्या रस्त्याला स्कूटर घातली. टेकडीच्या अलीकडेच थांबलो, नाकावरचा रुमाल सोडला आणि पूर्ण श्वास घेतला. ओकारी आली. मी ती दाबली नाही.