यल्दाचं नाव हजेरीपटावर

वासंती हुद्दार ऊर्फ अक्का यांनी बेंगळूरच्या सरकारी टेलिफोन कारखान्यात तपासणी विभागात बत्तीस वर्षं काढली. तिथे एखादा नग परत पाठवायचा तर कारण लिहून द्यावं लागायचं. त्यामुळे घराजवळच्या शाळेने आठ वर्षांच्या यल्दाला परत पाठवलं, तेव्हा अक्कांनी कारण लेखी मागितलं. कारकून हसला.

"आधार इल्ला अंद्रे अ‍ॅडमिशन इल्ला, अम्मा." आधार नाही तर प्रवेश नाही.

यल्दाचे वडील काबूलहून इथे शिकायला आले होते. बायको आणि मुलगी मागून आल्या, तिकडे सत्ता बदलली आणि परतीची वाट बंद झाली. आता तिघं अक्कांच्याच गल्लीत राहत होते. त्यांच्याकडे निर्वासित असल्याचं कार्ड होतं, आधार नव्हतं. यल्दाची आई शकीबा काबूलला शाळेत गणित शिकवायची. तिच्याच मुलीला शाळा नाही, याने अक्कांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या खेपेला कारकुनाने जन्मदाखल्याचं भाषांतर मागितलं. तिसऱ्या खेपेला भाषांतर होतं, पण कारकूनच प्रशिक्षणाला गेला होता.

"अगं, तुझं बीपी वाढतंय," नवरा पद्मनाभ म्हणाला.

"वाढू दे! कागद नाहीत म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही, हे मला माहीत आहे. त्या माणसाला का माहीत नसावं?"

मराठी मंडळाच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. मंडळातली नयना लगेच म्हणाली, "किती वाईट गं! आपण त्यांना स्टेजवर बोलवू, ब्लँकेट्स देऊ. फोटोही छान येतील."

"ब्लँकेटं आहेत त्यांच्याकडे. सोमवारी माझ्याबरोबर शाळेत कोण येतंय ते सांगा."

सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली. शेवटी पुण्याहून नुकतीच आलेली अमृता म्हणाली, "काकू, मी हाफ डे टाकते."

सोमवारी अक्का, अमृता, शकीबा आणि यल्दा अशा चौघी गेल्या. कारकुनाने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. आधारचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. अक्कांनी टेबलावर हात आपटला आणि कन्नडमध्ये कायदा ऐकवायला सुरुवात केली. आवाज इतका चढला की मुख्याध्यापिका बाहेर आल्या. यल्दा अमृताच्या मागे लपली.

तेवढ्यात शकीबाने अक्कांचा दंड धरला. "अक्का, ज़रा मुझे बोलने दो."

मग ती मुख्याध्यापिकांसमोर उभी राहिली आणि अडखळत, पण स्पष्ट म्हणाली, "मॅडम, मगु कूतकोळ्ळली. हेसरु आमेले बरीरि." मुलीला बसू द्या, नाव नंतर लिहा.

"कन्नड कुठे शिकलात?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"भाजीवाल्या अम्माकडे. मी पण टीचर आहे, मॅडम."

मुख्याध्यापिकांनी तिसरीचा हजेरीपट मागवला. मग कारकुनाला म्हणाल्या, "हजेरीपटावर पेन्सिलीने नाव घाला. कॉम्प्युटरचं मी बघते." आणि यल्दाला त्या स्वतः तिसरीच्या वर्गात घेऊन गेल्या.

परतताना अक्कांच्या लक्षात आलं: महिनाभर या बाईच्या वतीने आपण बोलत होतो, आणि तिला काय येतं हे एकदाही विचारलं नाही. त्यांना आता स्वतःचाच राग येत होता.

याला पाच महिने झाले. यल्दा रोज शाळेत जाते. वजाबाकीत ती वर्गात पहिली आहे. कॉम्प्युटरातला रकाना अजून रिकामाच. दर सोमवारी दोघी चौकशीला जातात. शकीबा बोलते, अक्का बाकावर बसून धुसफुसतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतलं एक सुदानी कुटुंब आपल्या मुलीसाठी अक्कांकडे आलं. अक्कांनी चपला घातल्या.

"आप घर पे रहो," शकीबा म्हणाली. "आप चिल्लाती हो. मैं ले जाती हूँ."

अक्कांना भयंकर राग आला. पण त्या घरी राहिल्या.