रिकाम्या ताफ्याची तालीम आणि भरलेली एस.टी.

बससाठी वेगळी मार्गिका आखायची आणि बस चौकाजवळ आली की सिग्नल तिच्या बाजूने वळवायचा, हे माझं शहरातलं रोजचं काम. बसमधलं यंत्र सिग्नलला कळवतं की बस येतेय, मग सिग्नल हिरवा दिवा जरा लांबवतो किंवा लाल लवकर आटोपतो. एवढीशी गोष्ट. पण गेल्या बैठकीत एका साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "रिकाम्या बससाठी आमच्या गाड्यांनी का म्हणून थांबायचं?" माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी रजा टाकली आणि वडनेर भोलजीला बहिणीकडे निघाले. भाची पूनमची बुलडाण्याला नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेली, त्यामुळे घरात कोणी नीट जेवतही नव्हतं.

तुम्ही या बाजूला येणार असाल तर रेल्वेने मलकापूरला उतरा, तिथून वडनेर जवळ आहे. परीक्षेच्या दिवशी पूनम आणि मी सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. ताईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला, "पेपर झाल्यावर दोघी खाजा," म्हणाली. नांदुऱ्याला गाडी बदलायची. भला मोठा हनुमान दिसला की सामान आवरायला घ्या. स्टँडवरचा आलुबोंडा गरम असेल तरच खा. बुलडाण्याची गाडी लागली तशी मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडीत बायकाच जास्त.

मोताळ्याला बाजारकरी चढले आणि पाय ठेवायला जागा उरली नाही. भाजीचं गाठोडं घेतलेल्या एका आजीने पूनमच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि सगळ्यांना दम भरला, "पोरीचा पेपर आहे, तिले धक्के नोका देऊ!" राजूर घाटात एक ट्रक बंद पडला होता, तिथे वेळ गेला. एरवी हा घाट डोळे भरून पाहावा असा आहे. मी मात्र घड्याळ पाहत होते. तरीही बुलडाण्यात शिरलो तेव्हा वेळ पुरेसा होता.

आणि चौकात हवालदाराने हात आडवा केला.

समोर दिवा हिरवा! ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "साहेब, दिवा तं हिरवा आहे ना!"

"दिव्याले काय पाह्यता? मी थांबा म्हणून राह्यलो ना!"

दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. आम्ही तिथेच. पायीसुद्धा कुणाला रस्ता ओलांडू देईनात. मी खाली उतरले. "कोण येतंय?"

"मंत्रीसाहेब."

"केव्हा?"

"उद्या. आज प्रॅक्टिस आहे, म्याडम."

मला आधी कळलंच नाही. मग सायरन वाजवत गाड्या आल्या. मधल्या गाडीत मागच्या सीटवर पांढरा टॉवेल अंथरलेला आणि त्यावर कोणीही नाही. ताफा पुढे गेला, वळला आणि तितक्याच थाटात परत आला. रिकाम्या टॉवेलसाठी भरलेली एस.टी. उभी! मी हवालदारावर ओरडले. तो म्हणाला, "मह्यावर काऊन चिडता? मले वरून ऑर्डर आहे." तेही खरंच होतं, म्हणून आणखीच चीड आली.

रस्ता सुटला तशी रिक्षा पकडली, शेवटचा भाग धावलो. परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. आतली मुलं वर्गाकडे जाताना दिसत होती. पूनमने गज धरले, विनवण्या केल्या. मी ओरडले, हात जोडले, पुन्हा ओरडले. फाटक उघडलं नाही. ती रडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. भाकरी तशीच बांधलेली राहिली.

परतताना त्याच चौकात गाडी थांबली. या वेळी दिवा लाल होता. पूनम सकाळपासून पहिल्यांदा धड बोलली. "मावशी, तुह्या सिग्नलले बस दिसते ना? मंग आतमदी कोण बसलं आहे, थे नाही दिसत काय?"

शहरात परतले तर बैठक वाट पाहत होती. तेच साहेब, या वेळी खुशीत. यंत्र आवडलं म्हणे. बसचं नंतर बघू, आधी मान्यवरांच्या ताफ्यांना जोडा. मी म्हटलं, "रिकाम्या गाडीसाठी भरलेली बस उभी राहिलेली मी पाहून आलेय. त्या बसमध्ये माझी भाची होती. मी जोडणार नाही." आता ते काम माझ्याकडे ठेवतात की काढून घेतात, ते कळेलच.

बुलडाण्याला जरूर जा. हवा छान आहे, घाट सुंदर आहे, माणसं जीव लावणारी आहेत. पूनम पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. काल ताईचा फोन आला होता. "आमचंच चुकलं वं," म्हणाली, "येत्या वर्षी आदल्या दिवशीच जाऊन राहू." माझा सगळ्यात मोठा राग या वाक्यावर आहे. गाडी अडवणाऱ्यांच्या हे गावीही नाही, आणि चुकलं म्हणतेय माझी बहीण.