निळ्या पट्टीवरचं पाणी

मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगात येणं, उतारा, नजर वगैरे सगळं गेलं. वर्गात भुताखेतांचा विषय निघाला की मुलांना गप्प करणाराही मीच. त्यामुळे हे इथे लिहिताना थोडा संकोच वाटतोय... पण दुसरीकडे कुठे सांगू?

आमच्या बाई चंद्रपुरात मूल रोडच्या बाजूला एकट्या राहतात. माजरीजवळच्या आमच्या गावात त्या विज्ञान शिकवायच्या. मी आणि माझा वर्गमित्र दिलीप, दोघांना रविवारी घरी बोलावून फुकट इंग्रजी शिकवलं, कॉलेजचे फॉर्म स्वतः भरले. आमच्या घरात मी पहिला ग्रॅज्युएट, आणि तो बाईंमुळे.

त्यांनी आयुष्यभर समुद्र फळ्यावर शिकवला. रिटायर झाल्यावर हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घेतली. त्यात दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. ते बाईंचे जीव की प्राण. पण चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय ते इकडच्यांना माहीत आहे. पाणी गरम झालं की ते मासे टिकत नाहीत, आणि थंड करायचं मशीन बाईंच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं.

तोडगा दिलीपने काढला. त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. भंगारातल्या सीपीयूचे चार छोटे पंखे काढून त्याने टाकीच्या काठावर बसवले. "बारा व्होल्ट हाय, बाई. बोट लागलं तरी काई होत नाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "पाह्य बे, मास्तर. माशायले कूलर, अन मी दुकानात घामानं भिजून राह्यलो."

वारा पाण्यावरून गेला की वाफ उडते आणि पाणी थंड होतं. माठाचंच तत्त्व. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ खाली राहतं. म्हणून रोज बाजूच्या ड्रममधलं गोडं पाणी घालून पातळी काचेवर चिकटवलेल्या निळ्या पट्टीपर्यंत आणायची. नाही आणली तर पाणी खारट होत जातं आणि मासे मरतात. बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा मी त्यांना शब्द दिला — मासे माझ्याकडे लागले.

आणि नेमकं कुरखेड्याहून बहिणीचा फोन आला. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू, आणि तिचा पाय मोडलेला. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, हे एकट्या भावजींच्या हातून होणारं नव्हतं. मी दिलीपला चावी दिली.

"काऊन टेन्शन घेतं? बाई काय तुह्या एकट्याच्या हायेत?" तो म्हणाला. मला फार बरं वाटलं.

आठवडाभर मी तेंदूत होतो. गावाबाहेरच्या टेकाडावर रेंज मिळायची, तिथून रोज त्याला फोन करायचो. "घातलं न पाणी. मस्त खेळून राह्यले मासे. एक तं मले पाहून नाचते." मी हसायचो. बाईंना फोन करून तेच सांगायचो.

परत आलो तो थेट दुकानात. त्याने चावी हातात दिली. "सकाळीच जाऊन आलो."

बाईंच्या दारात चावी कुलपात शिरेना. उलटी करून पाहिली, पुसून पाहिली... मग लक्षात आलं. ती कॉलेजच्या लॅबमधल्या कपाटाची चावी होती. कुलूप एकाच कंपनीचं, चाव्या दिसायला सारख्या. जाताना घाईत मी त्याला चुकीची दिली होती. बाईंच्या घराची चावी माझ्याच पिशवीत, कुरखेड्याला जाऊन आली होती. दुसरी बाईंजवळ पुण्याला.

म्हणजे दिलीपने एकदाही कुलपाला चावी लावून पाहिली नव्हती.

पायरीवर बसलो. आत जायची हिंमत होईना. बाईंना काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

शेवटी पिशवीतल्या चावीने दार उघडलं. हॉल भट्टीसारखा तापलेला. चारही पंखे चालू होते. मासे पोहत होते. पाणी बरोबर निळ्या पट्टीवर. हात घातला, गार. खारेपणा मोजला, मी सोडून गेलो होतो तेवढाच. ड्रमच्या तोंडाला माझा उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा, जाताना मी मारलेल्या गाठीनेच बांधलेला, आत पाणी काठोकाठ. खिडक्या आतून बंद.

पाणी गार होतं म्हणजे वाफ उडाली. वाफ उडाली म्हणजे पातळी खाली जायलाच हवी. हे मी दरवर्षी शिकवतो.

दुकानात जाऊन चावी काउंटरवर ठेवली. "ही लॅबच्या कपाटाची आहे, दिलीप."

त्याने चावी बोटाने बाजूला सरकवली. मग म्हणाला, "मासे जिते हायेत का मेले?"

"जिवंत आहेत."

"मंग झालं तं." आणि तो पुन्हा कुणाच्या तरी लॅपटॉपचे स्क्रू काढायला लागला.

बाई परतल्या तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा होता. काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत होत्या. "दिलीप, तू होतास म्हणून रे," त्या म्हणाल्या. त्याने मान खाली घातली, लाजल्यासारखी. मी काय बोलणार होतो? याने पाणी घातलं नाही, आणि पाणी कमीही झालं नाही? बाई विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांना वाटलं असतं, मी जळतोय.

मासे मेले असते तर खरं सांगता आलं असतं. ते जगले याचा मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या घरात जे काही होतं, त्याने बाईंचे मासे वाचवले आणि दिलीपचं खोटंही वाचवलं. मला पुरावा म्हणून एक थेंबसुद्धा कमी होऊ दिला नाही.

त्यानंतर बाईंकडे गेलो की मी मुद्दाम पाहत आलोय. पाणी रोज उतरतं, जसं उतरायला हवं तसंच. तो एक आठवडा सोडून. उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

तू सारखा गावाकडे जातोस, असं म्हणत बाईंनी माझ्याकडची चावी परत घेतली. आता ती दिलीपकडे असते.