दुसऱ्याच्या बुटांवरच्या तीन रेघा

आमच्या खालच्या बूटवाल्याबद्दल मी लिहायचं म्हणजे मांजरानं दुधाबद्दल लिहायचं. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्याच्या बाकावर उघडते, आणि देवानं कानांना झाकणं दिलेली नाहीत. वीस वर्षं त्याच्या हातोडीच्या ठोक्यांवर मी कांदे चिरलेत. तेव्हा हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, कुणी सांगितलेलं नाही.

आमची गल्ली बसच्या शेवटच्या थांब्याशी संपते आणि तिथूनच डोंगर सुरू होतो. वर जायच्या वाटा तीन. पहिली ओढ्याच्या काठाकाठानं, दोन तासांची. माझ्यासारखी जाड बाईसुद्धा गप्पा मारत जाऊन येते. दुसरी रानाचा फेरा, दिवसभर चढउतार. तिला दम हवा आणि सवय हवी. तिसरी धार. तिथे हात टेकून चढावं लागतं आणि दुपारी धुकं उतरतं. धुक्यात गपचूप बसून राहायचं असतं, हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यानंच तिथे जावं.

कुणी कुठली वाट धरावी हे बूटवाला ठरवायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं. लोक निघण्याआधी उसवलेला टाका घालून घ्यायला थांबत, तो बूट उलटा करायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा आणि तळ बघायचा. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय, चवड्याची कड खडकाला घासलीय का, चामड्याला घडी कुठे पडलीय. मग टाचेमागे खडूनं रेघा. एक म्हणजे ओढा, दोन म्हणजे फेरा, तीन म्हणजे धार. वरच्या फाटकावरची चौकीदारीण त्या रेघा बघून वहीत नाव लिहायची. स्वतःच्या नवऱ्यावर नसेल एवढा तिचा त्या खडूवर विश्वास.

गिऱ्हाइकाला तो काही म्हणजे काही विचारायचा नाही. "माणूस सांगतो ते त्याला जसं व्हायचंय तसं. तळ सांगतो ते झालेलं असतं," एवढं बोलून पुन्हा तोंडात खिळे.

"भाऊजी, एक दिवस गिळाल ते!" मी वरून ओरडायचे.

"तुमच्या बातम्या पचतात, मग खिळ्यांचं काय एवढं?"

त्याला ज्योतिषी हे नाव मीच ठेवलं. हात बघणारे पैशाला पासरी, पाय बघणारा आमच्याच गल्लीत. एकदा एक पहिलवान आला, दंड माझ्या मांडीएवढे, आणि माझी मांडी काही लहान नाही. बूट कोरे करकरीत. बूटवाल्यानं एक रेघ ओढली.

"अहो, मी रोज शंभर किलो उचलतो!"

"उचला की. डोंगर उचलायचा नाहीये, चढायचाय."

त्याच्यामागे पासष्टीच्या एक शिक्षिका होत्या, अंगानं काडी. त्यांना तीन. संध्याकाळी बाई धारेवरून ताठ चालत उतरल्या. पहिलवान ओढ्यावरून आला तो सोललेल्या टाचा घेऊन, अनवाणी. बूटवाला त्या दिवशी जरा फुगलाच. मीही फुगवला. तेवढा दोष माझ्याकडे राहू दे.

मग तो कारकून आला.

तिशीतला, वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारा, आवाज असा की आधी परवानगी मागून बाहेर पडतोय. त्यानं पिशवीतून बूट काढून बाकावर ठेवले. "जरा इथली शिवण बघता का, काका?" बूट मात्र बघत राहावे असे. बूटवाल्यानं ते उलटे केले आणि खिळे तोंडातून काढून ठेवले. हे तो सहसा करत नाही.

"वा! हे पाय डोंगर जाणतात," तो म्हणाला आणि तीन रेघा ओढल्या.

कारकुनानं बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि हसला. मला वाटलं, लाजतोय बिचारा. बूट पुन्हा पिशवीत घालून तो गेला.

ते बूट त्याच्या थोरल्या भावाचे होते. बूटवाल्यानं ते त्याच्या पायात एकदाही पाहिले नव्हते.

फाटकावर त्या तीन रेघा दाखवून तो धारेवर गेला. दुपारी धुकं आलं. कारकून बसून राहिला नाही, उतार दिसला तिकडे उतरत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला तो घळीत, डावा पाय दोन दगडांमध्ये. पाऊल वाचलं नाही. घोट्याच्या वरून कापावं लागलं.

आठवड्याभरानं थोरला भाऊ दुकानात आला. "ते बूट माझे. पंधरा वर्षं धार केलीय मी त्यांत. तो मोज्यांचे दोन जोड चढवून गेला." एवढंच बोलला आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बूटवाल्यानं खडू टाकून दिला. टाके घालायचा, टाचा ठोकायचा, पण वाट विचारली की "फाटकावर विचारा." फाटकावरची म्हणायची, "बूटवाल्याला विचारा." मग ज्याला जे वाटेल तिकडे तो जाऊ लागला. पंधरा दिवसांत एक आजोबा रानाच्या फेऱ्यावर चक्कर येऊन पडले, चौघांनी उचलून आणले. त्या दिवशी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, दुकानातच ताट वाढता वाढता सुनावलं.

"बोललात तेव्हा एक पाय गेला. आता गप्प बसून किती घालवणार आहात?"

"कुठल्या तोंडानं सांगू ग आता कुणाला?"

"ज्याचा पाय गेला त्याच्यासमोर जाऊन बसा आधी. तोंड कुठलं ते मग बघू."

गेला. वहिनींनी मला सोबत धाडलं की मी आपणहून गेले, हा प्रश्न गौण आहे.

कारकून खिडकीशी बसला होता, मांडीवर घोंगडी. भावानं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि तो बाहेर निघून गेला. बूटवाला खुर्चीच्या कडेवर बसला. "मी विचारायला हवं होतं. बूट कुणाचे, एवढं तरी."

"मी ओढ्यासाठी आलो होतो, काका," कारकून म्हणाला. "धार माझ्या मनातही नव्हती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला कधी कुणी तीन रेघा दिल्या नव्हत्या हो. घरी नाही, शाळेत नाही. भाऊ तीन रेघांचा, मी एका रेघेचा, हे ठरलेलंच होतं. तुम्ही म्हणालात, हे पाय डोंगर जाणतात. बूट त्याचे आहेत हे मला ठाऊक होतं. तरी वाटलं, एवढा जाणता माणूस म्हणतोय, तर असेल माझ्यातही काहीतरी."

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळी गल्ली म्हणते. त्या खोलीत मी तिच्याऐवजी हात चालवले, त्याची घसरलेली घोंगडी वर ओढली.

दुसऱ्या दिवशी बूटवाल्यानं बाकासमोर एक स्टूल मांडलं. आता बूट घालूनच बसायचं, आणि तो विचारणार: बूट कुणाचे? कुठे जायचं मनात आहे? अर्ध्या वाटेतून कधी परत फिरलात? "मी? कधीच नाही!" असं छाती काढून सांगणाऱ्याला धार नाही, मग तळ काही का म्हणेना. लोक कुरकुरतात. "काय हो, लग्न जमवताय का?" असंही एकानं विचारलं. तो सगळी उत्तरं ऐकून घेतो, तेव्हाच बोलतो.

चार महिन्यांनी कारकून आला, काठी घेऊन, नव्या पावलावर. त्या पावलाला बसेल असा बूट बूटवाल्यानं तीनदा उसवून तीनदा शिवला. मग समोर बसून विचारलं, "कुठे जायचं मनात आहे?"

"ओढ्यावरच्या पहिल्या पुलापर्यंत."

बूटवाल्यानं दुकानाला कुलूप लावलं. दोघं निघाले. मी भाजीची पिशवी घेऊन मागे. त्या वाटेवर भाजी मिळत नाही हे मला माहीत आहे.

पहिल्या वळणावर बूटवाल्यानं विचारलं, "अजून?"

"अजून."

दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्यावर कारकून थांबला. कपाळ घामानं भिजलेलं. पूल समोर दिसत होता, फार तर वीस पावलं. बूटवाल्यानं पुलाकडे पाहिलं, त्याच्या बुटाकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून उभा राहिला.

"बस्स," कारकून म्हणाला. "आज इथूनच फिरू."

"चला."

वळताना त्यांना मी दिसले. कारकुनानं काठी माझ्या हातात दिली आणि बूटवाल्याचा खांदा धरला. परतीची वाट उताराची होती. तिला चढापेक्षा जास्त वेळ लागला.